सुट्टी पाळणारी विहीर

१

द्वारकाबाई विहिरीत पडल्या तेव्हा, सरकारी यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे, त्या विहिरीत पुरुषभर पाणी होतं.

तेवढं पाणी असतं तर त्या बुडाल्या असत्या, नाहीतर भिजून, घाबरून, पायरी धरून वर आल्या असत्या. तसं काहीच झालं नाही. पायऱ्या संपतात तिथून खाली, दोन घागरी घेऊन उतरताना त्यांचा पाय निसटला आणि त्या कोरड्या खडकावर आपटल्या. उजवा खुबा मोडला. पाऊण तासानं कुणाला तरी कण्हणं ऐकू आलं, तेव्हा बोरमळ्यातल्या माणसांनी बाजेला दोर बांधून त्यांना वर काढलं.

मंगळवारी सकाळी दहाला ही बातमी बारामतीच्या पाणी कक्षात माधवीच्या टेबलावर आली. तिनं आधी संगणक उघडला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या एकशे चाळीस विहिरी नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांनी दिसत होत्या. शेळगावजवळच्या बोरमळा वस्तीचा ठिपका हिरवागार होता. पाणी एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर. शेजारी यंत्रानं स्वतःच दिलेली खात्री: सत्त्याण्णव टक्के.

या व्यवस्थेचं नाव होतं ‘पाणीसारथी’. प्रत्येक विहिरीत हातभर लांबीचं एक नळकांडं सोडलेलं. ते तासातासाला पाण्याची खोली कळवायचं. संगणक ते आकडे वाचत वाचत शिकायचा आणि माणसाला न विचारता दोन कामं करायचा. पाणी अर्ध्या मीटरच्या खाली गेलं की त्या विहिरीभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमधले शेतीचे पंप बंद करायचा, म्हणजे जमिनीच्या पोटातलं उरलंसुरलं पाणी उपसलं जाऊ नये. आणि त्याच क्षणी वस्तीसाठी टँकरचा प्रस्ताव पुढं पाठवायचा. एक आकडा, दोन निर्णय. हा नियम माधवीनंच लिहिला होता. सहा वर्षं भूजलाचे नकाशे घोटल्यावर सुचलेला, तिच्या अभिमानाचा नियम.

साहेबांनी तिला आत बोलावलं तेव्हा ते उभेच होते.

“कुणीतरी यंत्राशी खेळलंय. शुक्रवारपर्यंत मला नाव पाहिजे. पोलिसांत तक्रार द्यायची आहे.”

“आणि टँकर, सर? वस्तीला आज प्यायला पाणी नाही.”

“ठिपका हिरवा आहे तोवर प्रस्तावच निघत नाही.” साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. “तुला काय सांगायचं? नियम तुझाच आहे.”

२

ती खुर्चीवर टेकलीच नाही. तशीच स्कूटर काढून दवाखान्यात गेली.

द्वारकाबाई साठीच्या, काटक, हातावर गोंदलेल्या. पायाला वजन बांधून उताण्या निजवलेल्या. माधवीनं आपण कोण ते सांगितलं आणि शिव्या ऐकायची तयारी ठेवली. विहिरीला पाणी आहे म्हणून तिच्याच कक्षानं या बाईच्या वस्तीचा टँकरचा अर्ज मार्चमध्ये परत पाठवला होता.

द्वारकाबाईंनी एकही शिवी दिली नाही.

“माज्या पायाचं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “टँकर कधी देताय?”

“देऊ, मावशी. तुम्ही एवढ्या खाली का उतरलात?”

“खाली कपारीत इवलं पाणी झिरपतंय. वाटीनं भरलं की घागर व्हती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांला कोण आणून देणार?” मग त्यांनीच विचारलं, “पोरांचं जेवण कोण करतंय शाळंत, काय कळलं का तुमाला?”

त्या वस्तीच्या शाळेत खिचडी शिजवायच्या, हे माधवीला तेव्हा समजलं. पण तिच्या डोक्यात विहीर होती. ती निघाली.

तासाभरानं ती बोरमळ्यात विहिरीच्या काठावर उभी होती. सोबत जोतीराम, वस्तीचा जलसुरक्षक. यंत्राची राखण आणि महिन्याची हातमोजणी हे त्याचं काम. तिशीचा, अबोल माणूस. विहिरीत लोखंडी नळी सोडलेली, तिच्या तोंडावर झाकण, झाकणाला कुलूप. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता.

“किल्ल्या किती?”

“तीन. एक तुमच्या हापिसात, एक रणजितदादाकडं, एक माज्याकडं. घरात खिळ्याला आसती.”

“महिन्याची मोजणी तू करतोस. फेब्रुवारीत किती पाणी होतं?”

“यंत्रात व्हतं तेवढंच,” जोतीराम पायाकडं बघत म्हणाला. “द्वारकाआत्या बरी हाय का, म्याडम?”

“बरी आहे. कुलूप काढ.”

झाकण उघडलं. माधवीनं मोबाइलचा उजेड आत सोडला. नळीत वरच्या बाजूला पट्टी होती, पट्टीला दोन नट होते, पाना लावून नीट सोडवलेले आणि परत जागेवर बसवलेले. नळकांडं नव्हतं. त्याची तारही नव्हती. नळी रिकामी होती.

तेवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. बाराची नोंद आली होती. बोरमळा विहीर, पाणी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर.

३

नळकांडं कुठंतरी पाण्यात होतं आणि तिथून बोलत होतं. पण कुठून, ते सांगायची त्याला सोय नव्हती. भोवतालच्या सात-आठ वस्त्यांना मिळून मोबाइलचा मनोरा एकच.

त्या रात्री माधवीला धड झोप लागली नाही. बुधवारी सकाळीच ती निमगाव केतकीला रणजितच्या दुकानात हजर झाली. यंत्रांच्या देखभालीचं कंत्राट रणजितकडं होतं. दर दोन महिन्यांनी प्रत्येक विहिरीवर जाऊन झाकण उघडायचं, फोटो काढायचा, ‘ठीक’ असं नोंदवायचं. बोरमळ्याचा फेब्रुवारीतला फोटो तिनं त्याच्यापुढं धरला.

“हा कधीचा?”

“तारीख आहे की वर, मॅडम. अकरा फेब्रुवारी.”

“रणजित, या फोटोत विहिरीच्या भिंतीवर नेचे उगवलेत आणि दगड ओले आहेत. कोरड्या फेब्रुवारीत?”

रणजितनं आधी फोटोकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. मग खुर्ची पुढं ओढली.

“ऑक्टोबरचा आहे. मी गेलोच नव्हतो. दोन तालुके एकट्यानं फिरतो, मॅडम. ज्या विहिरीचा आकडा चांगला येतोय तिथं कशाला जायचं, असं झालं. पण नळकांडं मी काढलेलं नाही. काढलं असतं तर नवा फोटो तरी नीट काढला असता.”

तो खोटारडा होता, पण त्याचं खोटं आळसाचं होतं. माधवी तिथंच दुकानातल्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली. नळकांडं खोलीबरोबर पाण्याचं तापमानही पाठवायचं. तो रकाना कक्षात कुणी कधी उघडत नसे. तिनं उघडला.

वर्षभर रेघ सरळ होती, सत्तावीस अंशांवर. जमिनीच्या पोटातलं पाणी थंडी-उन्हाळा ओळखत नाही. पण सतरा जानेवारीपासून रेघ डोलायला लागली होती. पहाटे गार, दुपारी कोमट. थंडीत एकवीसपर्यंत उतरलेली, आता एप्रिलमध्ये तिशीच्या पुढं.

म्हणजे तीन महिने नळकांडं विहिरीत नव्हतंच. ते उघड्यावरच्या, हवेचा हात लागणाऱ्या पाण्यात होतं. बोरमळ्यात एवढं साठवलेलं पाणी कुणाकडं असणार?

“हिंदुराव आबा,” रणजित तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. “त्यांचं शेततळं आहे. मागच्या वर्षी यंत्रानं पंप बंद केला तेव्हा आबा म्हणाले होते, एक दिवस हे नळकांडं चुलीत घालतो.”

४

हिंदुराव आबा सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. चौदा एकर ऊस, कारखान्याचे जुने सभासद. माधवी आली तेव्हा ते शेततळ्याच्या बांधावरच उभे होते, जणू वाट बघत.

“तळं बघायचंय ना? बघा. आत उतरा. माशांना सांगू का बाजूला व्हायला?”

माधवीनं तळ्याला चक्कर मारली. चारी बाजूंना काळा प्लास्टिकचा कागद, काठाला कुठं तार नाही, दोर नाही. आणि पाणी फार फार तर गुडघाभर. एक मीटर ऐंशी सेंटिमीटर या तळ्यात सध्या मावतच नव्हतं.

“झालं समाधान?” आबांचा आवाज चढला. “मॅडम, गेल्या साली फेब्रुवारीत तुमच्या यंत्रानं माजा पंप एकवीस दिस बंद ठिवला. उभा ऊस पिवळा पडला. मी शिव्या दिल्या, व्हय, दिल्या. पर चोरी केली न्हाय. मला काढायचं असतं तर दिवसाढवळ्या काढून तुमच्या सायबाच्या टेबलावर आणून ठिवलं असतं.”

“पण आकडा खाली गेला नाही याचा फायदा तुम्हालाच झाला, आबा. या वर्षी तुमचा पंप एक दिवसही बंद पडला नाही.”

“माजा एकट्याचाच का? अर्ध्या किलोमीटरात अकरा पंप हायत. आणि माज्या बोरवर नुसता ऊस न्हाय. वस्तीच्या शाळंला दर तिसऱ्या दिशी पाणी माज्याच बोरचं जातं. फुकट. ते बी बंद पडलं हुतं. तुमच्या यंत्राला ऊस आणि शाळा यातलं काय कळतं का?”

यंत्राला ते कळत नव्हतं हे खरं होतं. पंप हा पंप. तिनं नियमात तेवढंच लिहिलं होतं.

“मग बोरमळ्याला टँकर आला नाही तेव्हा तुम्ही वस्तीला पाणी का दिलं नाही?”

आबा पहिल्यांदाच अडखळले. “बोर आता तासभर चालतं आन धापा टाकतं. ऊस, जनावरं, शाळा. दोनदा दिलं वस्तीला. आजून द्याया पायजे हुतं.” ते तळ्याकडं बघत राहिले. “द्वारकाबाई खाली उतरती हे मला ठावं न्हवतं.”

परतीच्या वाटेवर लासुर्ण्याच्या अलीकडं तिनं स्कूटर बाजूला घेतली. काहीतरी डोक्यात खुपत होतं आणि ते काय, ते पकडीत येत नव्हतं. चहाच्या टपरीवर बसून तिनं पुन्हा आकडे उघडले. या वेळी महिन्याची रेघ नाही, एकेक दिवस.

पाणी रोज थोडं थोडं उतरत होतं, बोट दोन बोटं. दर तिसऱ्या दिवशी परत भरत होतं. संगणकाला हेच आवडलं होतं. माणसं वापरतात ती विहीर अशीच वागते, म्हणून सत्त्याण्णव टक्के. पण माधवी वारांची नावं लिहीत गेली आणि तिच्या हातातला चहा तसाच निवला.

सोमवारी उतार. मंगळवारी उतार. शनिवारी अर्ध्याच दिवसाचा उतार. रविवारी रेघ आडवी, केसभरही हलत नव्हती. पुढच्या रविवारी तेच. महाशिवरात्रीला तेच.

ही विहीर सुट्टी पाळत होती.

५

सुट्टी बँक पाळते, सरकारी कार्यालय पाळतं. माधवीनं सव्वीस जानेवारी शोधली. त्या दिवशी सकाळी सात ते नऊ एवढाच उतार होता, नंतर दिवसभर काही नाही. झेंडावंदन. पण झेंडा कार्यालयातही लागतो. तिनं मार्च उघडला आणि शंका उरली नाही. फेब्रुवारीपर्यंत पाणी अकराच्या आणि दोनच्या नोंदीत उतरलेलं असायचं. मार्चच्या मधल्या आठवड्यापासून ते आठच्या आणि अकराच्या नोंदीत उतरायला लागलं होतं. उन्हं वाढली म्हणून वेळ बदलते ती फक्त शाळा.

गुरुवारी सकाळी ती बोरमळ्याच्या शाळेत पोहोचली तेव्हा मधली सुट्टी चालू होती. दोन खोल्या, एक शेवगा, अडतीस पोरं. मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई पोरांच्या हातावर बिस्किटं ठेवत होत्या.

“आज तिसरा दिवस, हेच चाललंय,” त्या ओशाळून म्हणाल्या. “द्वारकाबाई नाहीत. खिचडी मला चाळीस जणांची जमत नाही हो.”

“शाळेचा हौद कुठं आहे?”

स्वयंपाकघराच्या मागं होता. अर्धा जमिनीत, अर्धा वर, सिमेंटचा, माथ्यावर लोखंडी झाकण. झाकणाला कडीकोयंडा. बाजूला छोटी मोटर, तिथून पाइप पोरांच्या नळांपर्यंत गेलेला. माधवीनं झाकण उचललं. आतल्या बाजूला कडीला काळी दोरी, दोरीला बोटाएवढ्या जाडीची तार, तार पाण्यात शिरलेली. तिनं ओढली. हातभर लांबीचं नळकांडं वर आलं, ठिबकत, सरकारी क्रमांकासकट.

माधवी मंदाकिनीबाईंकडं वळली.

“बाई, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं?”

“शपथ घेते. मी झाकण कधी उघडतच नाही. माझ्या कमरेला ते उचलवत नाही, आणि पोरांना तिकडं फिरकायची बंदी. पोरं नळाला पितात. आबांचा माणूस पाइप बाहेरूनच सोडतो, ते बघा, त्या भोकातून.”

“मग उघडतं कोण?”

माधवी उत्तरासाठी थांबली नाही. ती परत मोबाइलवर आकडे बघत होती. रोज सकाळी शाळा भरायच्या आधीच्या नोंदीत एक वेगळा, लहानसा उतार होता. पोरं यायच्या आधी कुणीतरी थोडं पाणी घेत होतं.

“सकाळी लवकर मोटर कोण चालू करतं?”

“तेव्हा लाइटच नसते. द्वारकाबाई बादलीनं शेंदतात. झाकण उघडून. खिचडीचं पाणी.”

तो सकाळचा लहान उतार सोमवारी होता. मंगळवारी नव्हता. काल नव्हता. आजही नव्हता.

जी बाई तीन महिने रोज सकाळी या झाकणात वाकून बादली सोडत होती, तिला ही तार दिसली नाही असं होणं शक्य नव्हतं.

६

द्वारकाबाईंना उशीला टेकून बसवलं होतं. माधवीनं पिशवीतून नळकांडं काढून पलंगावर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मग उघडले.

“सापडलं व्हय.”

“मावशी, हे हौदात कुणी ठेवलं?”

“मी.”

“का?”

“सांगते.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “गेल्या साली तुमच्या यंत्रानं आबांचं बोर बंद केलं. शाळंचा हौद आटला. टँकर आला, पर तो वस्तीवर, शाळंपासनं एक मैल लांब. शाळंत कोण राहतंय का, म्हणून शाळा तुमच्या यादीत न्हाय, आसं टँकरवाला म्हणला. एकवीस दिस चूल पेटली न्हाय. काही पोरं घरनं सकाळी काय बी न खाता येत्यात, म्याडम. आया पहाटं ऊस तोडाया जात्यात. अकरा वाजता ती पोरं माज्या चुलीकडं बघत बसायची आन मी त्येंच्याकडं. मग यायचीच बंद झाली. म्हणलं, पुन्यांदा आसं हू द्यायचं न्हाय.”

“म्हणून...”

“ते नळकांडं पाणी हाय का न्हाय एवढंच बघतंय ना? मग पाणी हाय तितं नेऊन ठिवलं.”

“पण त्यामुळं वस्तीचा टँकर अडला.”

“त्ये मला कुठं ठावं?” त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. “एकाच आकड्यावर बोर बंद व्हतं आन त्याच आकड्यावर टँकर येतो, हे कुणी सांगितलं आमाला? मार्चात तुमचा कागद आला, इहिरीला पाणी हाय म्हणून. तवा उमगलं, मी काय करून बसले. परत इहिरीत सोडावं तर शाळंचं पाणी जातंय. न सोडावं तर वस्ती मरतीय. म्हणलं, एक मेला शाळंला सुट्टी लागंल, तवर रेटायचं. तवर वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं पाणी मी भरायचं. माज्यामुळं अडलंय ना त्येंचं, मग मीच भरायचं.”

वाटीवाटीनं. रोज पहाटे, कोरड्या विहिरीच्या तळाशी. माधवीनं खिडकीबाहेर पाहिलं.

“किल्ली कुणी दिली?”

“खिळ्यावरनं काढली मी. माज्या भाच्याला, जोतीबाला, ठावं न्हाय.”

“आणि पाना? नट पाना लावून सोडवलेत.”

“त्यो बी मीच आणला.”

“मावशी, नळकांडं हललं त्या दिवशी आकडा एक सेंटिमीटरनंही उडाला नाही. विहिरीत जेवढा होता तेवढाच हौदात आला. म्हणजे आधीचा आकडा बघून, तेवढीच दोरी मोजून, कुणीतरी तो जुळवला. आणि तो आकडा मोबाइलवर तिघांनाच दिसतो. मला, रणजितला...”

दारात डब्याचं झाकण खाली पडलं. जोतीराम उभा होता, हातात जेवणाचा डबा.

“त्येला काय बी ठावं न्हाय!” द्वारकाबाई ओरडल्या.

“आत्या, गप,” जोतीराम म्हणाला. तो आत आला, डबा टेबलावर ठेवला आणि माधवीसमोर उभा राहिला. “मी काढलं, म्याडम. मीच बांधलं. कागुद आला तवा म्हणलं हुतं हिला, परत लावतो. ही न्हाय म्हणली. भांडलो आमी. मग मीच रोज पहाटं खाली उतराया पायजे हुतं. मी झोपून ऱ्हायलो आन ही उतरली. ल्ह्या माजं नाव. हिचं नगा ल्हू.”

“माज्या सांगण्यावरनं केलं त्येनं!”

दोघंही एकदम बोलत होते. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली होती. माधवीनं नळकांडं उचलून परत पिशवीत ठेवलं.

“मला कुणाचं नाव लिहायचं ते मी बघते,” ती म्हणाली. “आधी जोतीराम, तू चल. हे विहिरीत परत टाकू.”

७

दुपारी तीनला नळकांडं कोरड्या विहिरीत उतरलं. चारच्या नोंदीत बोरमळ्याचा ठिपका लाल झाला. चार वाजून दोन मिनिटांनी अकरा पंप बंद पडले आणि टँकरचा प्रस्ताव निघाला. हिंदुरावांचा फोन आला. माधवीनं तो घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आबा, मला उद्या दुपारपर्यंत द्या. तेवढा एक दिवस शाळेचा हौद पुरेल.”

घरी जाऊन ती अहवाल लिहायला बसली. तीन वेळा लिहून पुसला. पहिल्यात जोतीराम आणि द्वारकाबाई गुन्हेगार होते. सगळं खरं होतं आणि वाचवत नव्हतं. दुसऱ्यात नळकांडं ‘अज्ञात व्यक्तीनं’ हलवलं होतं. वाचायला बरं होतं आणि खोटं होतं. रणजितनं ऑक्टोबरचा फोटो फेब्रुवारीत चिकटवला होता, त्याहून ते फार वेगळं नव्हतं. तिसरा तिनं सुरुवातीपासून लिहिला, म्हणजे दोन वर्षांपूर्वी तिनं नियम लिहिला तिथपासून.

शुक्रवारी साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि मग ते खाली बसले.

“हे तू काय केलंस? मी नाव मागितलं होतं.”

“नावं आहेत, सर.”

“पहिलं तुझंच आहे!”

“गोष्ट तिथूनच सुरू होते. पंप कशाला पाणी देतो हे नियमानं विचारलंच नाही. टँकर आणि बंदी एकाच आकड्याला बांधली, म्हणजे लोकांना तहान लपवायची सवय लावली. वस्तीला कुणी समजावून सांगितलं नाही. आणि यंत्र सत्त्याण्णव टक्के म्हणालं म्हणून माझ्यासकट एकही माणूस तीन महिन्यांत विहिरीत डोकावला नाही.”

“विभागीय चौकशी लागेल तुला.”

“लागू दे. पण शाळेला पाणी देणाऱ्या आबांच्या बोरचा पंप आज सुरू करायच्या हुकमावर सही करा. रोज एक तास. खाली कागद जोडलाय.”

साहेबांनी जोडलेला कागद काढून वाचला. मग सही केली. पोलिसांतल्या तक्रारीचा कागद त्यांनी फाडला नाही, पुढंही पाठवला नाही. चौकशी होईपर्यंत तो ठेवून दिला.

सव्वा महिन्यात बरंच काही झालं आणि सगळंच चांगलं झालं नाही. जोतीरामचं काम गेलं. रणजितचं कंत्राट गेलं. माधवीला कारणे दाखवा नोटीस आली आणि पाणीसारथी तिच्या हातून काढून घेतला. नवा नियम मात्र तिच्याच अहवालावरून झाला: टँकरचा निर्णय बंदीपासून वेगळा, शाळा-अंगणवाडीचं पाणी वेगळ्या यादीत, आणि दर महिन्याला वस्तीतल्या दोन बायका स्वतः विहीर मोजणार, यंत्र काहीही म्हणो.

मेच्या शेवटी माधवी बोरमळ्यात गेली. द्वारकाबाई काठी घेऊन अंगणात बसायला लागल्या होत्या. चौकशीसाठी त्यांचाही जबाब लागणार होता, म्हणून तिनं त्यांना अहवाल वाचून दाखवला, सावकाश, एकेक वाक्य थांबत. शेवटपर्यंत त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

“माजं नाव हाय ना त्यात?”

“आहे, मावशी. मला ते काढता आलं नाही.”

“काढू नगा. केलंय ते केलंय.” त्यांनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. “जोतीबाचं?”

“तुमच्या खाली.”

“आन तुमचं?”

“तुमच्या वर.”

द्वारकाबाईंनी तो कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे का, हे का, आणि माधवीनं तिन्ही नावं एकेक करून दाखवली. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, तिला परत दिली आणि आत बघून सुनेला हाक मारली,

“चहा टाक गं. म्याडमला बसाया लागंल जरा.”